पाच जणांच्या डावातली जोडी

मुलांना शेकडेवारी शिकवायची असेल तर पत्त्यांसारखं साधन नाही. हे मला नोकरीत असतानाच माहीत होतं, पण वर्गात पत्ते काढले असते तर दुसऱ्याच दिवशी तालुक्याला खुलासा द्यावा लागला असता. १९९४ साली निवृत्त झालो आणि कळंबच्या अलीकडच्या आमच्या वाडीवर येऊन राहिलो. घरापुढं चिंचेचं मोठं झाड, त्यामुळं सावली होती आणि चिंचोकेही होते. पत्त्यांचा कॅट तेवढा विकत आणावा लागला.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात शेजारच्या रानातल्या गेणूआबांची चार नातवंडं रोज दुपारी माझ्याकडं यायची. थोरल्या मुलाचा समाधान अठरा वर्षांचा, वालचंदनगरला एका वर्कशॉपमध्ये कामाला. त्याची पाळी सकाळची, त्यामुळं दोन वाजता घरी. आबांच्या मधल्या मुलाची, म्हणजे कुंडलिकची, दोन मुलं. सिद्धू चौदाचा; शाळा सोडून ट्रॅक्टरवर जायला लागलेला. दिपाली बाराची, सातवीची परीक्षा दिलेली. आणि सुट्टीला आलेला यशराज, धाकट्या मुलाचा. त्याचे वडील बारामतीला नोकरीत, घर जळोचीत. यशराज दिपालीएवढाच, पण बोलणं तिच्या दुप्पट.

बुद्धपौर्णिमेला माझी मुलगी प्रियदर्शनी बारामतीहून आली. ती दवाखान्यात परिचारिका आहे. झाडाखाली रिंगण पाहून म्हणाली, "अप्पा, आयुष्यभर मुलांना तंबाखूपासून लांब ठेवलंत, आणि आता तीन पानी शिकवताय?"

"चिंचोक्यांवर आहे," मी म्हणालो.

"आज चिंचोक्यांवर."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मी मुलांना पहिला आठवडाभर खेळूच दिलं नव्हतं, फक्त मोजायला लावलं होतं. तीन पानं काढायची, काय आलं ते वहीत लिहायचं, पानं परत मिसळायची. असं शंभर वेळा. शंभरात सव्वीस वेळा जोडी किंवा तिच्या वरचं काही आलं: तीन एका रंगाची म्हणजे कलर, एकापाठोपाठची तीन म्हणजे रोण, किंवा तीन सारखी. बाकी चौऱ्याहत्तर वेळा नुसती सुटी पानं.

"म्हंजी चारात तीनदा काय बी न्हाय," सिद्धू म्हणाला. त्याला शाळेत पाव आणि पाऊण कधी कळलं नव्हतं.

मग पाच जणांना वाटून पन्नास डाव मोजले. तेव्हा एकोणचाळीस डावांत पाचांपैकी कुणाकडे तरी जोडी किंवा वरचं निघालं. अठरा डावांत तर कलर किंवा त्याच्याही वरचं.

यशराज वहीकडं बघत राहिला. "पण एकट्याला तर चारातून एकदाच येतं."

"एकट्याला. इथं पाच जण आहेत. पाच घरांची दारं ठोठावली तर कुठं ना कुठं भाकरी असतेच."

खरा धडा एवढाच होता. दोघांच्या खेळात सुटा बादशाहसुद्धा काम करून जातो. पाचांत दुरी-तिरीची जोडी आली तरी हुरळून जायचं कारण नाही. दोघांत एकालाच फसवायचं असतं. पाचांत चौघांना फसवावं लागतं, आणि चौघांपैकी एकाकडं खरंच पान असतं. ज्याच्याकडं पान आहे तो फसत नाही. म्हणून माणसं जास्त तेवढं खोटं कमी. आणि शेवटी बोलणाऱ्यानं बाकीच्यांचं नीट ऐकायचं, कारण ते ऐकणं त्याला फुकट मिळालेलं असतं.

दिपाली कमी बोलायची. तीन-चार दिवसांनी तिनं विचारलं, "गुरुजी, मानसं जास्त असली की जोडी हलकी. मग मानसंच कमी केली तर?"

"कशी करशील?"

"साइड मागून."

साइड म्हणजे आपल्या अगोदर ज्यानं चाल केली, म्हणजे मध्ये चिंचोके टाकले, त्याच्याशी गुपचूप पानं ताडून बघणं. ज्याचं हलकं त्यानं पानं टाकून बाहेर जायचं. मी तो नियम नुसता सांगून ठेवला होता, त्याचा उपयोग सांगितला नव्हता. चाळीस वर्षांच्या शिकवण्यात असं उत्तर फार वेळा ऐकायला मिळालं नाही. मी तिला एक चिंचोका बक्षीस दिला.

"एकच व्हय?" सिद्धू म्हणाला. "मास्तर लईच चिकट हाय."

एक गोष्ट मात्र मला त्यांच्यातून काढता येईना. समाधाननं चाल वाढवली की बाकीचे तिघं पानं टाकून मोकळे. कुणाकडे काय आहे याचा विचारच नाही. दादा मोठा, दादानं वाढवली, आपण कोण? धनगरवाड्यावरून चालत आलेली रीत ती. पंगतीत, बैलगाडीत, विहिरीवर मोठ्याचा नंबर आधी. त्यामुळं समाधान रिकाम्या हातानं निम्मे डाव नेत होता आणि आपण फार हुशार आहोत असं त्याला वाटत होतं. मी म्हणालो, "पानांना वय नसतं." चौघं हसले. पुढच्या डावाला समाधाननं वाढवली आणि तिघांनी पानं टाकली.

सातवीचा निकाल लागला. दिपाली वर्गात दुसरी आली. आमच्या वाडीची शाळा सातवीपर्यंतच, पुढं कळंबचं हायस्कूल, सहा किलोमीटर. एसटी होती, पण एक सकाळी सहाला आणि दुसरी दुपारी एकला, शाळा अकराची. मी कुंडलिकला भेटलो. तो उसाला पाणी देत होता. खोऱ्याचा दांडा छातीला टेकवून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, माझी ना न्हाय," तो म्हणाला. "पर एकटी पोरगी चालत सहा किलोमीटर जानार, आनी सांजच्याला सहा येनार? सायकल असती तर धाडली असती. नसंल तर ऱ्हाऊ द्या. घरात बी काम हाय."

सायकल घरात होती. तीन वर्षांमागं गेणूआबांनी शेवटची चाळीस मेंढरं विकली. कालव्याचं पाणी आलं, जिकडंतिकडं ऊस झाला, चरायला पडीक रान राहिलं नाही. त्या पैशांतून त्यांनी एक काळी, दांड्याची सायकल घेतली होती. कळंबला दूध घालायला ते तिच्यावर जात. आता गुडघा धरला होता, दूध न्यायला गाडी येत होती, आणि सायकल ओसरीत उभी होती. नातवंडांतल्या एकाला ती द्यायची हे आबांनी ठरवलं होतं. समाधानला पहाटे वर्कशॉपला जायला हवी होती, आणि त्याची गरजही खरी होती. सिद्धूला नुसती हवी होती. यशराजला जळोचीत मित्रांना दाखवायला.

मी आबांना म्हणालो, "दिपालीला देऊन टाका. तिच्या शाळेचा प्रश्न सुटेल."

आबांनी पागोट्यात खोचलेली काडी काढून दात कोरला. "गुरुजी, मी हातानं उचलून एकाला दिली, की तिघं जलमभर म्हननार, आबानं डावं-उजवं केलं. पानं डावं-उजवं करत न्हाईत."

मग त्यांनी मला वाड्यावरची रीत सांगितली. वाडा म्हणजे पाच-सहा घरांनी मेंढरं एकत्र घेऊन फिरायचं बिऱ्हाड. दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचे, पावसाच्या तोंडाला परत यायचे. वाटेत कोकरं व्हायची. एखाद्या कोकराची आई वाटेत मेली, की ते कोणत्या घरचं यावर भांडणं लागायची. तेव्हा प्रत्येक घरातला एक जण बसायचा आणि तीन पानीवर कोकरू ठरायचं. पैसा मध्ये आणायचा नाही. वाळलेल्या लेंड्या मोजून वाटून घ्यायच्या, आणि संध्याकाळी दूध काढायची वेळ होईल तेव्हा ज्याच्यापुढं लेंड्या जास्त त्याचं कोकरू. त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही.

"तसंच करायचं," आबा म्हणाले. "फकस्त लेंड्यांच्या जागी तुमचे चिंचोके. आनी पाचवा मी बसनार. मी जितलो तर सायकल माझ्यापाशीच ऱ्हानार, कुनाला न्हाय."

"तुम्ही कशाला बसता?"

"आमच्या वाड्यात म्हातारा बाहेर बसत नसतो. आनी गुरुजी, तुमी यायचं, बघायचं; पर तोंड मिटून. पोरीकडं बघून खोकलात तरी डाव मोडला."

मी घरी आलो तेव्हा मनात एकच गोष्ट होती. मी चौघांनाही सारखंच शिकवलं होतं. आता त्यातल्या एकीचं शिक्षण त्या शिकवण्यावर उभं होतं, आणि तिला वेगळं काही सांगणं म्हणजे बाकीच्या तिघांना फसवणं. त्या दिवशी दुपारी ती एकटी लवकर आली. मी तिला म्हणालो, "आज पत्ते नाहीत. जा, घरी जा." ती गेली.

रविवारी दोन वाजता आबांच्या ओसरीत घोंगडी अंथरली. गोल असा: आबा, त्यांच्या डाव्या हाताला समाधान, मग दिपाली, सिद्धू, यशराज. प्रत्येकापुढं पन्नास चिंचोके. मी दिपालीच्या मागं खांबाला टेकून बसलो, कारण सावली तिथंच होती. नियम वाड्याचे. पानं न बघता खेळेल तो आंधळा, त्याला चाल निम्म्या किमतीत. पानं बघितली की दुप्पट. दोघंच उरले की शो मागता येतो, म्हणजे दोघांनी पानं उघडून दाखवायची; पण समोरचा आंधळा असेल तर त्याच्याकडं शो मागता येत नाही. त्यानं स्वतः मागितला तरच. चिंचोके संपले तर आपोआप शो.

आबा सगळे डाव आंधळेच खेळत. "पहिलंच पान उचलून बघनारा गडी वाड्यावर भित्रा समजायचे," ते म्हणाले.

पहिल्या तासात दिपालीनं पंधरापैकी अकरा डावांत पानं टाकली.

"ही खेळाया आलीय का पानं वाढाया?" सिद्धूनं विचारलं.

"टाकू दे रं," यशराज म्हणाला. "तिच्या चिंचोक्यांला कोंब फुटतील."

सिद्धू स्वतः एक्का दिसला की चाल करायचा. पाच जणांत एक्का म्हणजे काहीच नाही हे त्यानंच वहीत लिहिलं होतं. तासाभरात त्याच्यापुढं घोंगडी मोकळी झाली. तो उठला नाही, बघत बसला. यशराजनं दोनदा हातात काही नसताना मोठी चाल केली, आणि दोन्ही वेळेला चौघांपैकी कुणीतरी पान घेऊन बसलेलं निघालं. एकदा तर दिपालीच. तिच्याकडं सत्ती-अठ्ठी-नव्वीची रोण होती, आणि ती शेवटपर्यंत साधी चाल करत राहिली, जणू शंकेतच आहे. यशराजचे वीस चिंचोके त्यात गेले.

"मुकी मांजर!" तो म्हणाला.

मग तो डाव आला. दिपालीनं पानं उचलली. मागून मला दिसली: तिन्ही बदाम, त्यात एक्का. पाच जणांतसुद्धा शंभरात फार तर पंधरा-सोळा वेळा याच्यावरचं पान निघतं. समाधाननं चाल वाढवली, आठ चिंचोके, आणि तिच्याकडं बघून भुवई उडवली. दिपाली थोडा वेळ पानं धरून बसली. मग तिनं ती खाली ठेवली आणि सरकवली.

बाकीच्यांनीही पानं टाकली. समाधाननं डाव ओढला आणि हसत पानं उलटी केली. बादशाह, पंजी, दुरी. सुटी.

माझ्या तोंडातून काहीतरी निघणार होतं. मी वर वाशाकडं बघितलं. वाशाला चिमणीचं घरटं होतं, ते मी बराच वेळ बघितलं.

चार वाजता आज्जी, म्हणजे साखरबाई, चहा घेऊन आल्या. दिपाली माझ्याकडं वळली. "गुरुजी, माझा कलर हुता."

मी बशीत फुंकर मारत राहिलो. आबा माझ्याकडंच बघत होते.

"गुरुजींचं त्वांड शिवलंय आज," साखरबाई म्हणाल्या. "मला सांग. कलर हुता तर टाकला कशापायी?"

"दादानं वाढवली."

"मग?"

"दादा मोठा हाय. मोठ्याला साइड कशी मागायची?"

साखरबाईंनी कपबश्या गोळा केल्या. "मी तुझ्याएवढी असताना सुप्याच्या माळावर एकटी कोकरं राखायची. तवा लांडगा यायचा. मी त्याला इचारलं न्हाय, बाबा तू माझ्यापरास मोठा का धाकटा. काठीच घातली."

"आज्जे, मी लांडगा व्हय?" समाधान म्हणाला.

"न्हाय रं बाळा. तू लई गुनाचा. पर आता लांडग्याच्या जागंवर बसलायस."

सगळे हसले, समाधानही. दिपाली हसली नाही. ती चिंचोके दहा-दहाच्या ओळीत लावत होती.

सहाच्या सुमारास गोठ्यात म्हैस हंबरली. साखरबाई बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "येळ झाली. ह्यो शेवटचा."

तेव्हा आबांपुढं शहाण्णव होते, समाधानपुढं चौऱ्याऐंशी, दिपालीपुढं बावन्न आणि यशराजपुढं अठरा. सगळ्यांनी मध्ये दोन-दोन टाकले. यशराजनं पानं वाटली. आबांनी पानांना हात न लावता दोन चिंचोके ढकलले. समाधाननं पानं बघितली आणि चार टाकले. दिपालीनं पानं अगदी थोडी, कोपऱ्यातून उचलली. नव्वी, नव्वी आणि चव्वी.

तिनं चार टाकले.

यशराजनं पानं बघितली, तिघांकडं बघितलं. "तिघं आत हायत. माझ्याकडं नुसता गुलाम. मी नाही येत." त्यानं पानं टाकली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यानं माणसं मोजून पानं टाकली होती, आणि मला बरं वाटलं. पण त्याच्या डावासाठी फार उशीर झाला होता.

आबांनी न बघताच चार टाकून चाल वाढवली. समाधाननं लगेच सोळा ओतले. सोळाच्या वर जाता येत नव्हतं. त्यानं दिपालीकडं बघून पुन्हा भुवई उडवली.

तिच्यापुढं शेहेचाळीस उरले होते. मी मागं बसून जे मोजत होतो तेच ती मोजत असावी. पान टाकलं तर शेहेचाळीसच राहणार, म्हणजे सायकल गेली. तिघांत नव्वीची जोडी वाईट नाही, पण निर्धास्त राहावं अशीही नाही. पुढं गेली आणि हरली तरी सायकल गेलीच. कुंडलिक पाण्यावरून आला होता, तो अंगणात चिखलाच्या पायांनी उभा होता.

दिपालीनं सोळा मोजून ढकलले. मग आवाज न चढवता म्हणाली, "दादा, साइड."

समाधानला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय?"

"साइड दे."

"मला मागती व्हय तू?"

"तूच माझ्या आदी बोललायस."

साइड नाकारता येते. पण न बघता खेळणाऱ्या म्हाताऱ्यासमोर, सगळ्या घरासमोर, धाकट्या बहिणीला नाकारायचं म्हणजे आपलं पान हलकं आहे असं ओरडून सांगणं. समाधाननं आबांकडं बघितलं. आबा गुडघा चोळत होते.

"घे मग," तो म्हणाला आणि पानं तिच्याकडं तिरकी धरली. तिनं आपली धरली. दोघांची डोकी क्षणभर जवळ आली. मला त्याची पानं दिसली: एक्का, बादशाह, सत्ती.

समाधाननं पानं पालथी टाकली आणि भिंतीला टेकला. "नव्वीची जोडी घेऊन माझ्याम्होरं बसली," तो म्हणाला. "दिपे!"

"नाव घ्यायचं न्हाय पानाचं!" सिद्धू ओरडला. "आबांनी ऐकलं की!"

"आबा कुटं पानं बघत्यात," समाधान म्हणाला. "ऐकून काय करनार?"

खरंच होतं ते. आता डावात दोघंच होते: एक आंधळा आणि एक नव्वीची जोडी. मला पहिल्या आठवड्यातली वही आठवली. आंधळं पान म्हणजे शंभरातलं कुठलंही पान, आणि शंभरात चौऱ्याहत्तर वेळा सुटं. नव्वीच्या जोडीच्या वर तर पंधरा-सोळा वेळाच. चौघांत जी जपून खेळावी लागली असती ती जोडी दोघांत राणी झाली होती, आणि तिनं तसं ते घडवून आणलं होतं. फक्त आंधळ्याकडं शो मागता येत नव्हता. आबा चाल करत राहिले तर तिला दुप्पट भरत राहावं लागणार होतं.

आबांनी आठ टाकले. दिपालीनं सोळा टाकले. तिच्यापुढं चौदा उरले.

आबांनी त्या चौदा चिंचोक्यांकडं बघितलं. मग नातीकडं. मग अंगणातल्या कुंडलिककडं. त्यांनी हात पुढं केला आणि न उचललेली पानं तशीच बोटांनी डावाकडं सरकवायला सुरुवात केली. पानं टाकणार होते ते. त्यांनी टाकली असती तर डाव दिपालीचा, आणि तिच्याकडं सगळ्यांत जास्त.

"आबा," समाधान भिंतीपासून पुढं आला, "बघितल्याबिगर टाकताय?"

"माझी पानं हायत."

"असं करायचं हुतं तर सायकल सरळ द्यायची हुती की. आमाला दोन वाजल्यापास्नं कशाला बसवलं?"

साखरबाईंनी बादली खाली ठेवली.

दिपालीनं हात लांबवला आणि आबांच्या पानांवर ठेवला. आबांच्या हातावर नाही, पानांवर.

"टाकू नका आबा," ती म्हणाली. "शो मागा."

"पोरी, जित तुझीच हाय. कशाला?"

"तुमी टाकली तर दादा म्हननार, आबानं दिली. शो मागा."

आबांनी पानांवरचा हात काढला. मग त्यांनी आठ चिंचोके मोजले, अगदी एक-एक करून, आणि मध्ये टाकले. "शो."

दिपालीनं आपली पानं उलटी केली. दोन नव्व्या, एक चव्वी. आबांनी पहिलं पान उलटवलं: किलवरची दश्शी. दुसरं: चौकटची अठ्ठी. सिद्धू गुडघ्यावर उभा राहिला. दश्शी-अठ्ठी म्हटल्यावर मध्ये नव्वी आली तर रोण, आणि दुसरी दश्शी आली तर दश्शीची जोडी. दोन नव्व्या घोंगडीवर दिसत होत्या. बाहेर दोन होत्या, आणि तीन दश्श्या. मी मुलांना हेच मोजायला शिकवलं होतं, तरी त्या वेळी मला ते मोजवेना.

आबांनी तिसरं पान बोटाच्या टोकानं उलटलं. इस्पिकची पंजी.

"पंजी!" सिद्धू ओरडला, आणि स्वतःचे सगळे चिंचोके गेले आहेत हे विसरून त्यानं मांडीवर थाप मारली.

यशराजनं मोजायला घेतलं, कारण मोजणी त्याला आवडायची. दिपाली शंभर, आबा बहात्तर, समाधान बासष्ट, तो स्वतः सोळा. साखरबाईंनी बादली उचलली आणि गोठ्याकडं गेल्या. कुंडलिक अंगणातल्या हौदावर पाय धुऊ लागला. बराच वेळ धूत होता. मग तिथूनच म्हणाला, "दांड्याची हाय ती. हिचा पाय पुरंल का?"

"मधनं पाय घालून शिकंल," समाधान म्हणाला. तो अजून घोंगडीवरच बसला होता. "मी शिकवीन."

"तुझ्या कामाचं काय?" आबांनी विचारलं.

"दुधाची गाडी पाचला जाती. तिच्यावर बसंन. डायव्हर वळखीचा हाय." जरा थांबून तो दिपालीला म्हणाला, "पर साइड मागितलीस तू मला."

"व्हय," दिपाली म्हणाली.

आबा काठीच्या आधारानं उठले. माझ्याजवळून जाताना थांबले. "आता त्वांड उघडलं तर चालंल, गुरुजी."

मी घोंगडीवरचे चिंचोके गोळा करू लागलो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सायकलीची सीट समाधाननं जिथपर्यंत खाली जाईल तिथपर्यंत ठोकून खाली घेतली होती. दिपाली रोज दहा वाजता माझ्या घरावरून जायची. पहिले काही दिवस ती चिंचेपाशी उतरून थोडी चालत जायची, कारण तिथं खडी होती. एक दिवस ती थांबली.

"गुरुजी, एक इचारू? आबांचं तिसरं पान दश्शी निघाली असती तर?"

"तर तू हरली असतीस."

"मग माझं खेळनं चुकलं असतं का?"

"नाही. खेळलीस ते बरोबरच होतं. हरली असतीस तरी बरोबरच होतं. शंभरात पंधरा-सोळा वेळा बरोबर खेळूनही हरायला होतं, ते धरूनच खेळायचं."

तिनं थोडा विचार केला. "म्हंजी बरोबर खेळून बी मी घरीच बसली असती."

वहीतली शेकडेवारी खरी होती, आणि तिचं म्हणणंही.

"आबा शो न मागता पानं टाकत होते," मी म्हणालो. "तेव्हा सायकल तुझी झालीच होती. तू ती परत डावावर लावलीस. तेवढं मी शिकवलेलं नव्हतं."

"ते आज्जीनं बी न्हाय शिकवलं," ती म्हणाली. दांड्याखालून पाय घालून तिनं एक टांग मारली, सायकल डावीकडं कलली, मग सावरली, आणि ती कळंबच्या वाटेला लागली.